आगबोटींचे कारागीर अर्देशीर वाडिया

उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँच सुटते, घारापुरीचे हिरवे बेट उजव्या हाताला ठेवून खाडीचे पाणी कापीत जाते आणि थोड्याच वेळात मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लागते. हा धक्का ज्या भागात आहे त्याचे नाव माझगाव. आज या प्रवासात वाऱ्याची कोणी चौकशी करीत नाही. वारा असो की नसो, लाँच आपल्या वेळेला सुटते.

दोनशे वर्षांपूर्वी मात्र वारा हाच सर्वांचा धनी होता. उरणचे मीठ, रायगडच्या खाडीकाठचा भात, अलिबागकडचे नारळ आणि सुपारी हे सारे मचव्यांतून आणि पडावांतून मुंबईस जाई. शिडात वारा भरला तर नाव धावे. वारा पडला तर भर खाडीत ताटकळत बसावे लागे. पावसाळ्यात तर समुद्र बंदच होई. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहिल्याखेरीज कोळी आपले होडके पाण्यात लोटीत नसत. माणूस कितीही कुशल असला, तरी वाऱ्यापुढे त्याचे काही चालत नसे.

अशा त्या शिडांच्या काळात, खाडीच्या मुंबईकडील काठावर, ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा जन्म झाला.

वाडिया या नावाचा अर्थच मुळी जहाजे बांधणारा असा आहे. या पारशी घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे अठराव्या शतकात सुरतेहून मुंबईस आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत जहाजे बांधू लागले. त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी ती विद्या इतकी वाढवली, की इंग्रजांच्या आरमाराचीही जहाजे मुंबईत बांधली जाऊ लागली. वाडियांची जहाजे मलबारी सागवानाची असत. ओक लाकडाची इंग्लिश जहाजे काही वर्षांत कुजू लागत. सागवानी जहाज मात्र पिढ्यान्पिढ्या टिके. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजूनही तरंगत ठेवलेले आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अर्देशीर १८२२ मध्ये, चौदाव्या वर्षाच्या सुमारास, वडिलांच्या हाताखाली गोदीत काम शिकू लागले. लाकूड पारखावे, वासा तासावा, फळीला बाक द्यावा, सांधे बुजवावेत अशी ही विद्या. घरी पिढीजात कीर्ती होती आणि हाताशी काम होते. वडील ज्या वाटेने गेले त्याच वाटेने मुलाने जावे, यात कोणालाच नवल वाटले नसते. परंतु या मुलाचे मन लाकडापेक्षा लोखंडात आणि वाऱ्यापेक्षा वाफेत अधिक रमू लागले.

वाफेची शक्ती कशात असते, हे तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेच आहे. पाण्याला आधण आले की पातेल्यावरचे झाकण थडथडू लागते. उकळत्या पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. ही वाफ एका बंद नळकांड्यात सोडली, तर त्यातील दट्ट्या ती पुढे ढकलते. मग तीच वाफ दुसऱ्या बाजूने सोडली, की दट्ट्या मागे येतो. ही पुढेमागे होणारी हालचाल दांड्याने चाकाला जोडली, की चाक फिरू लागते. कल्पना इतकी सोपी आहे. ती लोखंडात उतरवणे मात्र अत्यंत कठीण.

याच अडचणीने थोर ब्रिटिश संशोधकांनाही छळले होते. ग्लासगोच्या विद्यापीठात एका वाफेच्या यंत्राची लहानशी प्रतिकृती होती. ती नीट चालत नसे. १७६३ मध्ये ती दुरुस्तीसाठी जेम्स वॉट या तरुण कारागिराकडे आली. ते खेळण्याएवढे यंत्र दुरुस्त करता करता वॉटला त्यातील मूळ दोष कळला आणि त्यातूनच पुढे त्याचे सुधारलेले यंत्र जन्मास आले. पण नळकांडे आतून अचूक गोल कोरून देणारा कारागीर मिळेपर्यंत त्याची बरीच वर्षे वाया गेली. मोठे यंत्र ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने आधी लहान यंत्र हाताळावे, हे खरे.

अर्देशीरांनी नेमके तेच केले. ऐन तारुण्यात त्यांनी एक अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे यंत्र तयार केले आणि त्याला पाणी उपसण्याच्या कामी लावले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७६ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतके बळ. अलिबागच्या अष्टागरात नारळी-पोफळीच्या वाड्यांना तेव्हा रहाटाने पाणी मिळे. देशावर बैल मोट ओढीत. तेच काम येथे एक लोखंडी यंत्र करीत होते आणि त्याला वैरण लागत नव्हती.

हे यंत्र लहान होते, म्हणून ते सोपे होते असे मात्र कोणी समजू नये. अलीकडे काही देशांत छंद म्हणून असे लहान यंत्र बनवू इच्छिणाऱ्याला ओतीव भागांचा तयार संच विकत मिळतो. त्याने ते भाग कातून, घासून, भोके पाडून जुळवावयाचे असतात. एवढ्याच कामाला जाणत्या माणसाचेही कित्येक महिने जातात. अर्देशीरांच्या काळातील मुंबईत असा संच दुकानातून आणण्याची सोय नव्हती.

ओतकाम कसे होते, ते जरा सविस्तर पाहू. आधी हव्या त्या भागाचा लाकडी नमुना करतात. वाडियांच्या गोदीत सुतारकामाला तोटा नव्हता. ही पहिली पायरी त्यांच्या घरचीच म्हणावी लागेल. परंतु येथेही एक मेख आहे. वितळलेले बीड थंड होताना आकसते, लांबीच्या शंभर भागांत सुमारे एक भाग. तेव्हा नमुना तेवढा मोठा करावा लागतो. मग पेटीत बारीक, किंचित ओलसर वाळू ठोकून बसवतात, तीत नमुन्याचा ठसा घेतात आणि नमुना हळूच काढून घेतात. नळकांड्यासारखी पोकळ वस्तू हवी असेल, तर मध्ये वाळूचाच गाभा उभा करतात. भट्टीत बीड वितळून लालपिवळे झाले, की ते या पोकळीत ओततात. वाळू जास्त ओली राहिली, तर आतल्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन तप्त रस उसळतो आणि कारागिराचे अंग भाजते. हवा निघून जाण्यास वाट ठेवली नाही, तर ओतीव भागात पोकळ फोड राहतात. ते वरून दिसत नाहीत. आठ आठ दिवस कातकाम करून झाल्यावर, शेवटच्या हाताला, पात्याखाली एक काळे भोक उघडे पडते आणि सगळी मेहनत पुन्हा भट्टीत टाकावी लागते!

इतके करून हाती येतो तो खडबडीत लोखंडाचा गोळा. त्याला कानशीने घासून सपाट करायचे. नळकांडे आतून असे गुळगुळीत करायचे, की दट्ट्या कोठे अडकू नये आणि वाफ कोठून निसटू नये. त्या काळी दट्ट्याभोवती चरबी लावलेला दोर गुंडाळून वाफेची गळती थांबवीत. गलबताच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून पाणी अडवणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला ही युक्ती फारशी परकी वाटली नसावी.

अर्देशीर ही खटपट करीत होते, तेव्हा गोदीतही एक मोठी घटना घडत होती. १८२९ मध्ये तेथे ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात उतरली. तिचा सांगाडा वाडियांनी बांधला होता. यंत्रे मात्र इंग्लंडहून आली होती. १८३० च्या मार्चमध्ये ती मुंबईहून निघाली आणि वाटेत कोळशासाठी थांबत थांबत एप्रिलमध्ये सुएझला पोचली. एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा मावत नव्हता, म्हणून तो उतारूंच्या खोल्यांतही भरला होता. आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला जाण्यास तोपर्यंत चारपाच महिने लागत. ते दिवस आता संपत आले, हे या बोटीने दाखवून दिले. वाडियांच्या घराला मात्र त्याचा दुसराही अर्थ होता. जहाजाचे लाकूड मुंबईचे आणि त्याचे हृदय परक्यांचे, अशी स्थिती कायम राहिली असती, तर शंभर वर्षांच्या घराण्याकडे केवळ सुतारकी उरली असती. अर्देशीरांचा यंत्रांचा नाद हा नुसता छंद नव्हता, तो यासाठी.

१८३३ मध्ये, पंचवीस वर्षांचे असताना, ते माझगावच्या गोदीत साहाय्यक जहाजबांधणीकार झाले. त्याच वर्षी त्यांनी ‘इंडस’ ही साठ टनांची बोट बांधून पाण्यात सोडली. तिला त्यांनी वाफेचे यंत्र बसवले, त्याचे सर्व भाग स्वतः जुळवले आणि ती बोट स्वतःच चालवून दाखवली. जी खाडी शिडांनी ओलांडण्याची सवय कोकणाला शतकानुशतके होती, तिच्या पाण्यात एका भारतीय कारागिराने स्वतः सिद्ध केलेली आगबोट धूर सोडीत चालली. पुढे मुंबई सरकारने ती विकत घेतली.

पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईला आणखी एक नवल दाखवले. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवला, की त्यातून जळणारा वायू निघतो. हा वायू नळांतून खेळवून अर्देशीरांनी माझगाव येथील आपला बंगला आणि बाग दिव्यांनी उजळून टाकली. तो प्रकाश पाहण्यास स्वतः गव्हर्नर आले. तेव्हा घराघरांतून खोबरेल आणि एरंडेल तेलाचे दिवे जळत होते. नळातून येणाऱ्या ज्योतीवर लोकांचा विश्वास बसणे कठीण होते आणि या उद्योगाला विरोधही बराच झाला. पण त्यांनी तो सोडला नाही. शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे येण्यास त्यानंतर सुमारे तीस वर्षे जावी लागली.

घरच्या भट्टीवर शिकता येण्याजोगे सारे शिकून झाले होते. मोठमोठी यंत्रे जेथे घडत, ते कारखाने पाहिल्यावाचून पुढचा मार्ग नव्हता. त्यांचे दोन आप्त, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, जहाजबांधणीचे शिक्षण घेण्यासाठी आधीच इंग्लंडला गेले होते. १८३९ मध्ये अर्देशीरही निघाले. तांबड्या समुद्रातून सुएझ, तेथून वाळवंट ओलांडून कैरो, मग अलेक्झांड्रिया आणि भूमध्य समुद्र, असा तो प्रवास होता. सुएझचा कालवा तेव्हा खणलेला नव्हता. इंग्लंडमध्ये ते सुमारे वर्षभर राहिले. या वर्षात त्यांनी गोद्या, ओतशाळा आणि यंत्रांचे कारखाने बारकाईने पाहिले, आणि आपली दैनंदिनीही लिहिली. ती पुढे लंडनमध्ये छापली गेली. वर्षाच्या अखेरीस कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफेच्या यंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंता आणि यंत्रतपासनीस नेमले.

या नेमणुकीने मुंबईत खळबळ उडाली. कारखान्यात कंपनीच्या आगबोटींचे बाष्पक आणि यंत्रे दुरुस्त होत. तेथे शेकडो कारागीर होते आणि त्यांत युरोपियन यंत्रकर्ते व बाष्पककार पुष्कळ होते. एका भारतीयाच्या हुकमतीखाली युरोपियनांनी काम करावे, असा प्रसंग तोपर्यंत आला नव्हता. इंग्रजी वृत्तपत्रातून टीका झाली. एतद्देशीय माणूस कितीही हुशार असला, तरी गोऱ्या कामगारांवर त्याचा वचक राहणार नाही, असे त्या टीकेचे सार होते. अर्देशीरांच्या विद्येविषयी शंका घेता येईना, म्हणून ती त्यांच्या जन्माविषयी घेतली गेली, एवढाच याचा अर्थ. १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी कामाची सूत्रे हाती घेतली. टीकेला उत्तर देत बसण्यास त्यांना सवड नव्हती. दुरुस्तीसाठी आलेल्या आगबोटी गोदीत थांबल्या होत्या. त्या जागेवर ते पुढे सोळा वर्षे होते.

सूत्रे हाती घेतल्यावर दोन महिन्यांच्या आतच एक वेगळी घटना लंडनमध्ये घडली. २७ मे १८४१ रोजी तेथील रॉयल सोसायटी या प्रख्यात विद्वत्सभेने अर्देशीरांना आपले सदस्य निवडले. न्यूटन ज्या सभेचा अध्यक्ष होता, तीच ही सभा. त्यांच्या शिफारसपत्रात जहाजबांधणीच्या ज्ञानाचा, मुंबईत विरोधाला न जुमानता आणलेल्या गॅसच्या दिव्यांचा आणि वाफेचे यंत्र बसवलेल्या साठ टनी बोटीचा उल्लेख होता. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतरचे दुसरे भारतीय सदस्य गणिती रामानुजन होत. त्यांची निवड १९१८ मध्ये झाली. या दोहोंमध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे अंतर आहे.

अर्देशीरांनी कारखाना सांभाळला, पण घरची भट्टी विझू दिली नाही. नोकरीतील यंत्रे कंपनीची होती. घरच्या ओतशाळेतील त्यांची स्वतःची. १८४९ मध्ये ते पुन्हा परदेशी गेले, या वेळी अमेरिकेपर्यंत, आणि लाकूड कापण्याची नवी यंत्रे पाहून आले. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात सोडली. तिचे सुटे भाग त्यांच्या राहत्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. सुरतेहून आलेल्या मूळ पुरुषाचे नाव त्यांनी या बोटीला दिले. लवजींनी आयुष्यभर शिडांची जहाजे बांधली होती. त्यांच्या नावाची ही बोट शिडावर अवलंबून नव्हती. एक अश्वशक्तीच्या त्या पहिल्या यंत्रापासून येथवर यायला अर्देशीरांना सुमारे वीस वर्षे लागली.

शिवणयंत्र आणि विजेने धातूचा मुलामा देण्याची कला मुंबईला प्रथम दाखवणाऱ्यांतही त्यांचे नाव घेतले जाते. कोणतीही नवी वस्तू कानावर आली, की ती हाताने करून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसावी.

१८५७ मध्ये ते कारखान्यातून निवृत्त झाले. परंतु वाफेने त्यांना पुन्हा बोलावले. सिंध प्रांतात सिंधू नदीवर माल आणि उतारू नेणाऱ्या आगबोटींचा एक ताफा होता. त्याच्या दुरुस्तीचे कारखाने हैदराबादसमोर कोटरी येथे होते. १८६१ मध्ये कराचीहून कोटरीपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. तेथून पुढचा माल बोटींनी मुलतानकडे जाई. त्याच वर्षी अर्देशीर या ताफ्याचे अधीक्षक अभियंता झाले. सिंधूचा प्रवाह दरवर्षी पात्र बदलतो, वाळूचे बांध सरकतात, आणि बोट रुतली की बाष्पकावर ताण येतो. समुद्रावरच्या माणसाला हे सारे नवे होते. सिंधूचेच इंग्रजी नाव इंडस. पंचविसाव्या वर्षी आपल्या पहिल्या बोटीला त्यांनी जे नाव दिले, त्याच नदीवर वयाच्या पन्नाशीनंतर त्यांना काम करावे लागले. तेथे त्यांनी दोन वर्षे काढली.

पुढे १८६८ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि लंडनजवळ, थेम्स नदीकाठच्या रिचमंड येथे स्थायिक झाले. तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत सुएझचा कालवा खुला झाला होता आणि मुंबईच्या बंदरात आगबोटी ही नित्याची गोष्ट झाली होती.

रॉयल सोसायटीने त्यांची निवड केली त्या दिवसाला एकशे अठ्ठावीस वर्षे झाली, तेव्हा म्हणजे २७ मे १९६९ रोजी, भारताच्या टपाल खात्याने अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांच्या स्मरणार्थ एक तिकीट काढले. त्याची किंमत वीस पैसे होती.